गफ्फारभाऊंचा तांबडा ग्रह

दोन हजार एक साली, नवरात्राच्या आधी, गफ्फारभाऊ जंगलातून खाली पडले. जंगल त्यांचंच होतं. पंचवीस फूट लांब, अठरा फूट उंच, मांजरपाटावर रंगवलेलं. वडशाच्या एका नाटक कंपनीला नव्या हंगामासाठी पडदा हवा होता. सागाच्या शेंड्यांवर पिवळसर उजेड मारायचा तेवढा राहिला होता. त्यासाठी ते शिडीच्या वरच्या पायरीवर चढले, हात जरा जास्तच लांब केला आणि शिडी सरकली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी बजावलं की यापुढे शिडी नाही, उकिडवं बसणं नाही, फार वेळ उभं राहणंही नाही.

तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं. तेराव्या वर्षी त्यांनी हातात ब्रश धरला, तेव्हापासून त्यांनी दुसरा कुठला धंदाच केला नव्हता. झाडीपट्टीतल्या नाटकाला दरबार, जंगल, रस्ता आणि घर असे चार पडदे लागतात. आरमोरीपासून सिंदेवाहीपर्यंत दिवाळीनंतर भरणाऱ्या कुठल्याही मंडईत, म्हणजे गावजत्रेत, नाटक बघायला बसा, चारातले दोन पडदे तरी गफ्फारभाऊंच्या हातचे असायचे. आता ते आरमोरीच्या घरात ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागले. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण तब्येत विचारी आणि त्या प्रत्येकावर ते चिडत.

साबिराबाईंचं शिवणकाम त्याच ओसरीवर चाले. नवऱ्याची कुरकूर ऐकून त्यांचे कान किटले. एक दिवस त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे टेबलावर आणून टाकला. पत्रिकांच्या पाठी कोऱ्या होत्या.

"यावर काढा काई."

"हे एवढंसं? माह्या एका पानाले जागा पुरणार नाई यावर."

"मंग लहान पान काढा," साबिराबाई म्हणाल्या आणि मशीन चालवू लागल्या.

हाताला अठरा फुटांची सवय. पहिले पंधरा दिवस पत्रिकेवर नुसते डाग पडत होते. मग त्यांनी शाळेतली मुलं वापरतात तसला बारीक ब्रश मागवला. हळूहळू मनगट ऐकू लागलं आणि आतापर्यंत खांद्यातून रंगवणारा हा माणूस बोटांतून रंगवू लागला.

पण त्यांनी जंगल काढलं नाही, दरबारही काढला नाही. नऊ वर्षांचे असताना बैलबाजारात आलेल्या तंबूत त्यांनी एक परदेशी पिच्चर पाहिला होता. काळापांढरा. भाषा कुणालाच कळत नव्हती. माशासारखे पंख असलेलं एक अग्निबाण-यान होतं, डब्यांचा केलेला एक यंत्रमाणूस होता आणि दुसऱ्या कुठल्यातरी ग्रहावर अडकलेली माणसं होती. अर्ध्यावर रीळ जळालं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. पुढे काय झालं ते गफ्फारभाऊंना कधीच कळलं नाही. त्यामुळे इतकी वर्षं पुढचं ते मनातच रचत आले होते. आता तो ग्रह पत्रिकांवर उतरू लागला. त्यांनी तो तांबडा ठरवला. तिथले मनोरे मार्कंड्याच्या देवळांच्या शिखरांसारखे खाचाखाचांचे होते. कारखाने गडचांदूरच्या सिमेंटच्या कारखान्यासारखे, लांबलचक आडव्या नळकांड्यांचे आणि उंच चिमण्यांचे. दऱ्या तर सरळ तिथल्या चुनखडीच्या खाणीवरून घेतलेल्या, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेल्या. एकदा तिथल्या वसाहतीत गणपतीचा देखावा रंगवायला गेले होते तेव्हा त्यांनी ती खाण डोळे भरून पाहिली होती. दोन वर्षांत साड्यांची तीन खोकी भरली.

निशात ही त्यांची धाकटी मुलगी. कॉम्प्युटरचा कोर्स करून ती अश्विनच्या व्हिडिओ सेंटरवर मिक्सिंगचं काम करत होती. अश्विन लग्नांचं शूटिंग करायचा आणि निशात त्या नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलात, बर्फाच्या डोंगरात नाहीतर बागेतल्या कारंज्यापुढे नेऊन ठेवायची. गफ्फारभाऊंना त्या धंद्याचा राग होता. गावोगावच्या फोटो स्टुडिओंचे पडदे याच कॉम्प्युटरने बंद पाडले, असं त्यांचं म्हणणं. मुलगी तिथे जाते म्हणून ते तिला काही बोलत नसत, पण सेंटरची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती.

एका दुपारी हातात काम नव्हतं म्हणून निशातने वडिलांची एक पत्रिका स्कॅन केली आणि कुनघाड्याच्या एका लग्नातलं जोडपं त्या ग्रहावर नेऊन उभं केलं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, शालू नेसलेली नवरी, मागे तांबडं आभाळ आणि त्यात दोन चंद्र. नेमका त्याच वेळी खुशाल तिथे येऊन बसला होता. खुशाल एसटीत कंडक्टर होता आणि हंगामात रजा टाकून नाटकांत नायकाची कामं करायचा. पडद्यावरचं पाहून तो खुर्चीवरून उठलाच.

"हे कुठलं गाव गा, अश्विन?"

"गाव नाई, ग्रह आहे. हिच्या अब्बांचा."

खुशाल तसाच गफ्फारभाऊंच्या ओसरीवर गेला. "भाऊ, तुमच्या त्या पत्तरांवर पिच्चर होते! आमाले फकस्त हिरव्या कपड्यापुढे उभं राहाचं हाय. बाकी समदं तुमचं."

गफ्फारभाऊंना आधी ती थट्टाच वाटली. मग निशातने त्यांचा हात धरून त्यांना सेंटरवर नेलं. कॉम्प्युटरसमोर बसवून तिने तीच पत्रिका मोठी केली, आणखी मोठी केली, शेवटी एकच मनोरा काचेत मावेनासा झाला. ब्रशचा केस न् केस दिसत होता.

"किती मोठं होते हे?" त्यांनी विचारलं.

"कितीही, अब्बा. तुमच्या पडद्याएवढं."

"शिडी नाई लागत?"

"नाई लागत."

त्या दिवसापासून ते रोज सेंटरवर जाऊ लागले.

कथा त्यांनीच सांगितली. अर्धी तंबूत पाहिलेली, अर्धी मनात रचलेली. एक म्हातारा शास्त्रज्ञ तांबड्या ग्रहावर यंत्रासुराच्या कैदेत पडला आहे. त्याची मुलगी आणि कप्तान शमशेर त्याला सोडवायला जातात, सात दिवसांत परतले नाहीत तर यानाचं इंधन संपणार. नाव ठरलं 'तांबड्या ग्रहावर सात दिवस'. कप्तान अर्थातच खुशाल. मुलीच्या कामासाठी सत्यशीलाबाईंना विचारलं. त्या झाडीपट्टीच्या रंगमंचावरच्या मोठ्या नटी. त्यांचं नाव बोर्डावर असलं की बैलगाड्या भरून माणसं येत. त्यांनी एकच अट घातली, "मले नुसतं रडाले लावजा नोका. दोन यंत्रमानसं मी पाडीन." शास्त्रज्ञाच्या कामाला शाळेतले विज्ञानाचे निवृत्त शिक्षक गुणवंतराव मिळाले. त्यांच्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत शाळेचा हॉलही मिळाला.

दोन हजार चारचा तो मे. हॉलवर पत्रे, बाहेर सेहेचाळीस डिग्री, आत लग्नाच्या शूटिंगचे चार हॅलोजन. साबिराबाईंनी बाजारातला पोपटी कपडा जोडून भिंतभर पडदा शिवला होता. चकचकीत सॅटिनचे अंतराळपोशाखही त्यांचेच. तेलाच्या पिप्यांचा यंत्रमाणूस त्यात आत शिरणाऱ्याला चटके देई, म्हणून त्याला आतून गोणपाट लावलं. वीज यायची फक्त सकाळी अकरापर्यंत. तेवढ्या वेळात काय ते उरकायचं.

पहिल्याच दिवशी सत्यशीलाबाईंनी हात वर करून यंत्रासुराला ललकारलं आणि कॉम्प्युटरवर पाहतात तो त्यांचे दोन्ही हात मनगटापाशी तुटलेले. हातात हिरव्या बांगड्या होत्या. जे जे हिरवं ते ते मशीनने पुसून टाकलं होतं. बाई आधी घाबरल्या, मग पोट धरून हसल्या. पण बांगड्या काढायला तयार होईनात.

"मालक जिता हाय माहा. काऊन काढू?"

शेवटी साबिराबाईंनी आपल्या हातातल्या लाल काचेच्या बांगड्या काढून त्यांच्या हातात भरल्या आणि त्यांच्या हिरव्या स्वतः घातल्या. शूटिंग संपेपर्यंत दोघींच्या बांगड्या तशाच अदलाबदल राहिल्या.

खुशालची अडचण वेगळी होती. ज्याच्या एका हाकेने मंडईतली पाच हजार माणसं चिडीचूप होत, तो खुशाल हिरव्या कपड्यापुढे दगड झाला. यानातून उतरून त्याने पहिल्यांदा तो ग्रह बघायचा होता. अश्विनने सात वेळा घेतलं, सातही वेळा तो चेहऱ्याने बसची तिकिटं फाडत होता.

"काय पाहू, भाऊ?" तो रडकुंडीला आला. "समोर तं लुगडं हाय."

गफ्फारभाऊ कॅमेऱ्यामागे खुर्चीवर बसले होते. त्यांनी अश्विनला खूण केली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही.

"खुशाल, ऊन पाह्य आधी. आपल्यासारखं नाई ते, पातळ हाय, पान्यात कालवल्यावानी. आता खाली पाह्य. पाय टाकू नोको, पुढे दरी हाय. बारा पायऱ्या हायत तिले, एकेक पायरी ताडाएवढी. तळाशी काय चमकून राह्यलं? पानी नाई ते. काच हाय. लोकं राहात होते तिथी, आता कोनी नाई. डाव्या हाताले पाह्य, मनोरा. वरच्या खिडकीत दिवा हाय. कोन्तरी लावला असन ना दिवा? कोन लावला असन?"

खुशालचे डोळे हळूहळू डावीकडे वर गेले आणि तिथेच खिळले. ओठ किंचित उघडे राहिले. अश्विनने कॅमेरा चालूच ठेवला होता. दाराशी चहा घेऊन आलेल्या साबिराबाईसुद्धा त्या कोऱ्या कपड्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

त्यानंतर प्रत्येक दृश्याआधी गफ्फारभाऊ तो प्रदेश सांगायचे. गुणवंतराव मात्र मधूनमधून हरकत घेत. "गफ्फार, तिथी हवा विरळ हाय. झेंडा फडफडनार नाई."

"गुरुजी, तुमी गेले होते का तिथी?"

"तू गेला होता का?"

"दोन वरसं राह्यलो मी तिथी," गफ्फारभाऊ म्हणाले, "खुबा मोडला होता तवा."



अठरा दिवसांत शूटिंग संपलं आणि खरी कसोटी निशातपुढे आली. माणसं आणि चित्रं एकमेकांत बसेनात. खुशालच्या भोवती हिरवी कड राहायची. हॅलोजनखाली त्याचा चेहरा हळदीसारखा पिवळा दिसे आणि मागचं तांबडं आभाळ पोस्टरच्या रंगाचं. जणू कोणीतरी कात्रीने माणूस कापून कॅलेंडरवर चिकटवला होता. जून गेला, जुलै गेला. लग्नांचं काम आटोपून ती रोज दोन तास झगडायची, त्यातही वीज गेली की केलेलं वाया जाई. अश्विनने हळूच सुचवलं की आता सोडून द्यावं. निशातने घरी काही सांगितलं नाही, पण तिचं जेवणावर लक्ष नसे.

ऑगस्टमध्ये एकदा उजेड-अंधार तपासायला म्हणून तिने चित्रातले सगळे रंग काढून टाकले आणि ती थबकली. हिरवी कड दिसेना. चेहऱ्याची हळद गेली. खुशाल त्या दरीच्या काठावर खरोखर उभा होता, त्याच उन्हात, त्याच हवेत.

तिला आनंद झाला आणि लगेच धसका बसला. वडिलांनी गेरूत शेंदरी मिसळून, त्यात जरासा जांभळा घालून तो तांबडा तयार केला होता. प्रत्येक पत्रिकेवर तो थोडा निराळा होता, सकाळचा वेगळा, वादळातला वेगळा. तोच काढून टाकायचा हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी त्यांना समोर बसवून दोन्ही दाखवलं, आधी रंगीत, मग बिनरंगी.

गफ्फारभाऊ काठी घेऊन उठले आणि बाहेर निघून गेले. समोरच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला. चाळीस वर्षं हा माणूस रंगांवर जगला होता. पाच पैशांची पुडी घेऊन त्यातून दहा छटा काढायच्या, हीच त्यांची ऐट होती. आणि आता मुलगी सांगत होती, सगळंच पुसू या. त्यांना तिचा राग आला, मग स्वतःच्या डोळ्यांचा राग आला, कारण दुसरं चित्र खरं होतं हे त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. तंबूतला तो ग्रहसुद्धा काळापांढराच तर होता. तो तांबडा आहे, हे त्या नऊ वर्षांच्या गफ्फारने आपल्याच मनाने ठरवलं होतं.

ते परत आले. "काढ," म्हणाले, "समदा काढ."

"अब्बा, नाव तर तांबडा ग्रह आहे."

"तांबडा लोक मनात पाहून घेतीन. पन थांब, माहे पत्तर दे पहिले."

त्यांच्या जुन्या डोळ्यांना एक गोष्ट दिसली होती. रंगात वेगळे दिसणारे तांबडे खडक आणि हिरवं यान काळ्यापांढऱ्यात एकाच राखेसारखे झाले होते. यान खडकात हरवत होतं. गफ्फारभाऊंनी नव्याने सुरुवात केली. फक्त काळा आणि पांढरा. रंगांच्या आड उजेड काढण्यातला आळस लपत होता, तो आता लपेना. कुठून ऊन येतं, कुठे सावली पडते, हे प्रत्येक दगडाला विचारावं लागलं. दिवाळीपर्यंत त्यांनी साठ पत्रिका पुन्हा काढल्या. आधीच्यांपेक्षा त्या चांगल्या होत्या, असं निशातचं मत. त्यांचंही तेच होतं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पिच्चर लागला. वैनगंगेच्या वाळूत तंबू, आत भाड्याचा प्रोजेक्टर आणि पांढरी चादर. पहिल्या खेळाला चाळीस माणसं होती. दहा मिनिटांत कुजबुज सुरू झाली. "जुना पिच्चर हाय गा, रंग नाई याले." अर्धी माणसं उठून आकाशपाळण्याकडे गेली. अश्विन डोकं धरून बसला. गफ्फारभाऊ मागच्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. निशात त्यांच्याकडे बघायचं टाळत होती.

तेव्हा सत्यशीलाबाई उठल्या. सॅटिनचा चमकता पोशाख अंगावर चढवला, डोक्यावर शिरस्त्राण घातलं आणि तंबूच्या दारात माइक घेऊन उभ्या राहिल्या.

"या वो बाया, या गा भाऊ! मी सत्यशीला. सात दिवस मी पृथ्वीवर नव्हती. कुठी होती ते पाहाचं असन तं आत या!"

त्यांचं नाव ऐकून जत्रा वळली. बाई स्वतः आत येऊन पहिल्या रांगेत बसल्या, मग उठून कोण जाणार? यान धूर सोडत तांबड्या ग्रहावर उतरलं, खुशाल बाहेर आला, त्याने डावीकडे वर पाहिलं आणि तंबूतली दोनशे डोकी त्याच्याबरोबर डावीकडे वळली. एवढ्यात मधल्या रांगेतून एक जण ओरडला, "अरे, हे तं आमची खदान हाय! गडचांदूरची!"

गफ्फारभाऊंना वाटलं, झालं, आता सगळे हसणार. हशा पिकलाही. पण तो माणूस उभा राहून शेजाऱ्यांना सांगत होता, "तिथी मी काम करतो, तिसऱ्या पायरीवर! पाह्य, कशी दिसते!" दुसऱ्या दिवशी तो आपल्या पाळीतली अकरा माणसं आणि त्यांची लेकरंबाळं घेऊन आला आणि सगळ्यांना कुठे बघायचं ते आधीच सांगून ठेवत होता. सत्यशीलाबाईंनी दुसरा यंत्रमाणूस पाडला तेव्हा बायांच्या बाजूने अशी शिट्टी आली की खुद्द बाईंनी मागे वळून पाहिलं.

जत्रेचे सगळे दिवस तंबू भरत गेला. नंतर धानोऱ्याला, वडशाला, सिंदेवाहीला खेळ झाले. मग कोणीतरी सीडीवरून सीडी काढली आणि पिच्चर बाजारात आपोआप फिरू लागला. त्यावर अश्विनचं नाव चुकीचं छापलेलं होतं आणि गफ्फारभाऊंचं नव्हतंच. अश्विन भांडायला निघाला, तर गफ्फारभाऊंनी त्याला बसवलं.

"खानीवाल्यानं वळखलं ना," ते म्हणाले. "मंग झालं."

पुढच्या वर्षी निशातला त्या पिच्चरच्या जोरावर नागपूरला कार्टूनच्या एका कंपनीत काम मिळालं. जाताना तिने दुसऱ्या पिच्चरचं ठरवून टाकलं, समुद्राच्या तळावरच्या शहराचं. गफ्फारभाऊंनी समुद्र पाहिला नव्हता. साबिराबाईंनी मशीनवर आठवडाभर झाकण घातलं आणि दोघं बल्लारशाहून गाडीत बसून विशाखापट्टणमला जाऊन आले. गफ्फारभाऊ तीन दिवस वाळूत खुर्ची टाकून बसले होते. साबिराबाईंनी विचारलं, कसा आहे? तर म्हणाले, "हलते लय. एका जागी राहात नाई."

तो पिच्चर झाला नाही. खुशालची बदली अहेरीला झाली, अश्विनने सेंटर विकून मोबाइलचं दुकान टाकलं. पण गफ्फारभाऊंनी समुद्राच्या चाळीस पत्रिका काढल्या. दर महिन्याला पाच-सहा पत्रिका एसटीने नागपूरला जायच्या आणि निशात रात्री घरी फोन करून प्रत्येकीत काय काय दिसलं ते सांगायची. गफ्फारभाऊ ऐकून घेत आणि तिला न दिसलेली एखादी गोष्ट उरलेली असे, एखादा मासा, एखादी उघडी खिडकी. ती कोणती, हे ते मुद्दाम सांगत नसत. पुन्हा नीट पाह्य, एवढंच म्हणून फोन साबिराबाईंच्या हातात देत.